रानससे आणि गोचिडी: रसायनांशिवाय बंदोबस्त, पण योग्य क्रमाने

शेतावरच्या वस्तीत रानससे दिसायला लागले आणि त्याच सुमारास कुत्र्याच्या कानात गोचिडी सापडल्या, की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: ससे घालवा, गोचिडी आपोआप जातील. मग जाळी लावली जाते, ससे बाहेर जातात आणि गोचिडींचा त्रास मात्र होता तसाच राहतो, कधी वाढतोसुद्धा. गोचीड आयुष्यातला फार थोडा काळ प्राण्याच्या अंगावर असते. उरलेला सगळा वेळ ती गवतात, पाचोळ्यात नाहीतर भिंतीच्या भेगेत काढते आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरते. ससा गेला तरी ती तिथेच असते. फक्त आता तिच्यासमोरून जाणारं अंग कुत्र्याचं, शेळीचं किंवा तुमचं असतं.

म्हणून आधी पाहणी, मग आपली जनावरं आणि गोठा, मग जमीन, आणि त्यानंतर ससे. हा क्रम उलटा केला की केलेलं काम बरंचसं वाया जातं.

## टप्पा १: पाहणी. नेमकं कोण आहे?

नुकसान सशाचंच आहे का? कुरतडलेला कोवळा शेंडा हातात घेऊन नीट बघा. सशाचा दात लागला असेल तर काप तिरका आणि स्वच्छ असतो, धारदार चाकूने छाटल्यासारखा. शेळी किंवा हरणाने खाल्लेला शेंडा फाटलेला, धागे निघालेला दिसतो, कारण त्यांना वरचे पुढचे दात नसतात. ससा जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंतच पोचतो. जवळपास वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्या सापडल्या तर शंका उरत नाही. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात, तेव्हा खात्री करायची तर त्या वेळी शांत उभं राहून बघा.

बीळ करणारा की उघड्यावर राहणारा? हा फरक पुढे कुंपणाच्या वेळी कामाला येतो. भारतातला रानससा बीळ खणत नाही. तो गवतात उथळ खोलगट जागा करून बसतो आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली असतात. युरोपातला ससा जमिनीत खोल बिळं करतो, कळपाने राहतो आणि त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात.

गोचीड कोणती? सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून थोडा वेळ द्या. ढोबळमानाने तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे:

- गुरांची गोचीड. लहानपणापासून मोठी होईपर्यंत ती एकाच जनावराच्या अंगावर राहते, साधारण तीन आठवडे. रक्त पिऊन फुगली की राखाडी-निळसर दिसते. तिचा सशाशी जवळपास काही संबंध नसतो. ती तुमच्याच गुरांवरून गवतात आणि गवतातून पुन्हा गुरांवर अशी फिरते.
- कुत्र्याची तपकिरी गोचीड. एकसारखी लालसर तपकिरी. फुगली की भिंतीवर चढते, फटीत, चौकटीमागे, कुत्र्याच्या बिछान्याखाली अंडी घालते. कोरडी हवा तिला चालते. गवत कितीही कापलं तरी ती कमी होत नाही.
- पट्टेदार पायांची गोचीड, म्हणजे हायलोमा. पायांच्या सांध्यांवर फिकट पट्टे असतात. मोठी झालेली हायलोमा गवतावर वाट बघत बसत नाही, सावज हेरून जमिनीवरून त्याच्याकडे धावत येते. तिची पिल्लं ससे, उंदीर, पक्षी अशा लहान प्राण्यांवर वाढतात आणि मोठ्या गोचिडी गुरांवर चढतात. इथे सशाचा खरोखर वाटा असतो.

गवताच्या पात्यावर बसून वाट बघणाऱ्या आणखीही जाती आहेत. त्या पात्याच्या टोकाशी जाऊन पुढचे दोन पाय हवेत पसरतात. त्या पायांवरच्या अवयवाने त्यांना श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि वास कळतो. गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. अंगाचा स्पर्श झाला तरच ती चिकटते. झाडावरून गोचिडी अंगावर पडतात हा समज सोडून द्या. मानेवर सापडलेली गोचीड बहुधा पायापासून चढत वर आलेली असते.

पांढऱ्या कापडाची चाचणी. एक मीटर लांब-रुंद जाड पांढरं कापड, फ्लॅनेल असेल तर उत्तम, एका काठीला बांधा आणि गवतावरून हळूहळू ओढत न्या. दर दहा-पंधरा पावलांनी कापड उलटं करून बघा. पायवाट, गोठ्यामागची जागा, कुंपणाची कड, झाडीची सीमा अशा प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंद ठेवा. मिरपुडीसारखे हलणारे ठिपके दिसले तर ती सहा पायांची नुकती निघालेली पिल्लं.

> सावधान: दव असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर ही चाचणी करू नका. ओल्या कापडाला गोचीड धरत नाही आणि ‘आमच्याकडे काहीच नाही’ असं खोटं समाधान मिळतं. गवत वाळल्यावर करा. कापडावर हायलोमाही सहसा सापडत नाही. तिच्यासाठी जनावरांचं अंगच तपासा.

पुढे जाण्याआधी: वस्तीचा हाताने काढलेला साधा नकाशा तुमच्यापुढे हवा. त्यावर गोचिडी कुठे सापडल्या, ससे कुठून येतात, जनावरं कुठे बांधतात आणि माणसांची ये-जा कुठून होते, एवढं दाखवा. पुढचं सगळं काम या कागदावरून ठरतं.

## टप्पा २: साहित्य आणि कायदा

बारीक टोकाचा चिमटा, घट्ट झाकणाची बाटली आणि तिच्यात स्पिरिट, रबरी हातमोजे, फिकट रंगाची पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला मास्क, विळा किंवा गवत कापायचं यंत्र, फावडं, गंज न लागणारी लोखंडी जाळी, खुंट आणि तार.

सशांना हात लावण्याआधी तुमच्याकडचा कायदा माहीत करून घ्या. भारतात रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे; फास लावणं, पकडणं, मारणं गुन्हा आहे. काही देशांत परिस्थिती उलट आहे, तिथे पकडलेला ससा दुसरीकडे सोडणं बेकायदा ठरतं. या लेखात म्हणूनच ससे पकडायचा एकही उपाय नाही. त्याची गरजही पडत नाही.

## टप्पा ३: आपली जनावरं आणि गोठा

वस्तीवरच्या गोचिडी वाढवणारा सर्वात मोठा प्राणी ससा नसून बहुतेक वेळा आपल्याच दावणीला बांधलेला असतो. पोट भरलेली एक मादी जमिनीवर पडली की हजारो अंडी घालते. ती पडण्याआधी काढली, तर एका चिमट्यात पुढची हजारो पिल्लं थांबतात. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळ्या उपायांना मागे ठेवीन.

१. तपासायच्या जागा ठरवून घ्या. कानाच्या आत आणि कडेला, मानेखालची पोळी, पुढच्या पायांच्या बगला, कास आणि मांड्यांमधली जागा, शेपटीच्या खाली, कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात. नजरेने बघून चालत नाही, बोटं केसांत उलटी फिरवून चाचपावं लागतं.

२. ठरावीक दिवसांनी तपासा. कुत्रा रोज, शेळ्या-गुरं दर दोन-तीन दिवसांनी. मादी शेवटच्या एक-दोन दिवसांत झपाट्याने फुगते. आठवड्यातून एकदा बघणाऱ्याच्या हाती रिकाम्या जागाच लागतात.

३. काढलेली गोचीड थेट स्पिरिटच्या बाटलीत टाका. गोठ्यात फेकलेली फुगीर मादी तिथेच अंडी घालते. बोटांनी किंवा नखांनी चिरडू नका. तिच्या शरीरातले जंतू हाताच्या बारीक जखमेतून आत जाऊ शकतात, आणि हायलोमामुळे पसरणारा क्रायमियन काँगो ताप जीवघेणा ठरू शकतो.

४. गोठ्याच्या भेगा बुजवा. भिंती, गव्हाणीचा तळ, खांबांच्या बुडख्याच्या फटी खरवडून स्वच्छ करा, गिलावा करून सपाट करा, वरून चुन्याचा हात द्या. दगडी किंवा विटांच्या भिंतीवर फ्लेम गनने भेगा भाजणं परिणामकारक आहे. पण जनावरं, चारा आणि पेंढा पूर्ण बाहेर काढल्यावरच, हाताशी पाणी ठेवून आणि लाकडी छप्पर नसेल तरच.

५. कुत्र्याचा बिछाना बदला. तो धुता येईल असा हवा. उकळत्या पाण्यात धुवा. थंड पाण्यात गोचिडी मरत नाहीत. घरामागच्या भिंतीला टेकून ठेवलेली पोती, फळ्या, जुन्या चपला हलवा.

> सावधान: अंगाला रॉकेल, डिझेल किंवा शेतीची फवारणी चोळू नका. कातडी भाजते आणि जनावराला विषबाधा होते. कडुनिंबाचं तेल सौम्य करून, साबणाच्या पाण्यात मिसळून वापरता येतं, पण आधी छोट्या जागी लावून एक दिवस थांबा. त्याने गोचिडी थोड्या दूर राहतात, लागलेल्या सगळ्या मरतात असं समजू नका. मांजराच्या बाबतीत टी ट्री तेल, कापूर आणि कोणतंही उग्र तेल पूर्ण वर्ज्य.

जनावर सुस्त झालं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, ताप आला किंवा लघवी लाल-तपकिरी झाली, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा आणि पशुवैद्याला बोलवा. गोचिडींपासून होणारे थायलेरिओसिस आणि बबेसिओसिस हे आजार झाडपाल्याने बरे होत नाहीत. तिथे नैसर्गिक उपायांचा हट्ट म्हणजे जनावराचा जीव घेणं.

पुढे जाण्याआधी: तपासणीच्या सलग तीन फेऱ्यांत फुगीर माद्या जवळपास सापडत नाहीत, अशी स्थिती आली की जमिनीकडे वळा.

## टप्पा ४: जमीन कोरडी आणि उघडी करणं

गवतावरच्या बहुतेक गोचिडींना ओल लागते. कोरड्या उन्हात त्या सुकतात, मग खाली पाचोळ्यात उतरून पुन्हा पाणी शोषून घेतात. ही खाली उतरायची जागाच काढून घ्यायची आहे. सगळं रान साफ करायची गरज नाही, करूही नये. नकाशावर माणसं-जनावरं आणि गोचिडी जिथे एकत्र येतात तेवढ्याच जागा घ्या.

१. कापण्याआधी चालून या. गवतात सशाची पिल्लं, घरटी किंवा मेलेला प्राणी आहे का बघा. एकटी दिसलेली पिल्लं टाकलेली नसतात. आई दिवसातून एखाद-दोन वेळा येऊन काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. तेवढी जागा काठी रोवून सोडा, काही आठवड्यांनी कापा.

२. मास्क लावा. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर २००० साली ट्युलरेमिया या आजाराची साथ आली, तेव्हा गवत आणि झुडुपं यंत्राने कापणाऱ्यांना तो श्वासावाटे झाल्याचं दिसून आलं. ससे आणि गोचिडी दोघेही या आजाराचा जंतू बाळगतात. यंत्राखाली प्राणी आला, तर उडणारी धूळ थेट छातीत जाते.

३. पायवाटा रुंद करा. दोन्ही बाजूंना एवढं गवत कापा की चालताना पोटरीला पातं लागणार नाही. गोठा, अंगण आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांच्याभोवती गवत घोट्याच्या खाली ठेवा.

४. कोरडा पट्टा करा. झाडी किंवा उंच गवत आणि अंगण यांच्यामध्ये साधारण एक मीटर रुंदीचा पट्टा खडी किंवा लाकडाच्या ढलप्यांनी भरा. वाट बघत बसणाऱ्या गोचिडी हा कोरडा पट्टा सहसा ओलांडत नाहीत. अंगणाची कड कुठे संपते हे माणसांनाही कळतं, हा त्याचा आणखी एक उपयोग.

५. पाचोळा काढा, पण कडेला ढकलू नका. ही फार नेहमीची चूक आहे. अंगण झाडून पाचोळा झाडीच्या सीमेवर लोटला की तिथे गोचिडींसाठी दाट, ओलसर गादी तयार होते, नेमकी आपल्या पायांच्या वाटेवर. पाचोळा उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात न्या आणि खड्डा गोठा-घरापासून लांब ठेवा.

६. ढीग हलवा. लाकडाचे, दगडांचे, काटक्यांचे ढीग उन्हात, जमिनीपासून वर रचा. त्यांच्याखाली ससे लपतात हे खरं, पण उंदीर जास्त लपतात, आणि बऱ्याच जातींच्या गोचिडींची पिल्लं उंदरांवर वाढतात. धान्य, पेंड, पक्ष्यांना टाकलेले दाणे रात्री उघडे राहू देऊ नका.

तपासा: दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागांवरून पांढरं कापड पुन्हा फिरवा. ज्या जागी फरक दिसत नाही, तिथे बहुधा सावली आणि ओल उरली आहे. वरच्या फांद्या विरळ करा, पाणी साचत असेल तर चर काढा.

## टप्पा ५: ससे बाहेर ठेवणं

आता कुंपण. सगळ्या जमिनीला कुंपण घालायचा विचार सोडा. भाजीचे वाफे, रोपवाटिका आणि नवी लावलेली झाडं एवढंच घेरा. छोटं आणि पक्कं कुंपण मोठ्या आणि भोकं पडलेल्या कुंपणापेक्षा केव्हाही बरं.

१. जाळीचं भोक तीन सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. कोंबड्यांची मोठ्या भोकाची जाळी मोठ्या सशाला अडवते, पिल्लं आरपार जातात. प्लॅस्टिकची जाळी ससा कुरतडतो.

२. उंची जमिनीवर ९० सेंटिमीटर ठेवा. त्याशिवाय खालची किमान १५ सेंटिमीटर जाळी जमिनीत पुरा आणि तिची शेवटची १५ सेंटिमीटर कड *बाहेरच्या* बाजूला आडवी वळवा. ससा कुंपणाला खेटून खणतो. पंजाला आडवी जाळी लागली की थांबतो, मागे सरून लांबून खणायचं त्याला सुचत नाही. कड आत वळवली तर पुरण्याची सगळी मेहनत फुकट. बीळ न करणारा ससा असेल तर पुरण्याऐवजी जाळीची कड बाहेर जमिनीवर पसरून दगडांनी दाबली तरी चालते.

३. फाटकाकडे सर्वात जास्त लक्ष द्या. बहुतेक कुंपणं फाटकाखालून हरतात. तिथे दगडी किंवा लाकडी उंबरठा बसवा, फट अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. संध्याकाळी फाटक लावणं हे एका ठरावीक माणसाचं काम असू द्या.

४. कुंपण पूर्ण मिटवण्याआधी आत कोणी नाही ना, बघा. शेवटची बाजू उघडी ठेवून दुसऱ्या टोकाकडून दोन-तीन जणांनी हळूहळू चालत या. आत बीळ असेल तर तोंडाशी चुरगळलेला कागद किंवा सुकं गवत सैलसर ठेवा. तीन दिवस ते हललं नाही तरच बीळ रिकामं समजून बुजवा. विणीच्या काळात थांबाच, आत पिल्लं कोंडून मरतात.

५. एकट्या झाडांना जाळीचा गोल गुंडाळा. साठ-सत्तर सेंटिमीटर उंच, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला चिकटलेल्या जाळीतून ससा साल कुरतडतोच. सालीचा वेढा पूर्ण गेला की झाड वाचत नाही.

मिरचीचं किंवा लसणाचं पाणी, अंड्याचा फवारा यांचा उपयोग कुंपण उभं राहीपर्यंतचे दिवस निभावून नेण्यापुरता आहे. पाऊस पडला की पुन्हा फवारावं लागतं आणि भुकेच्या दिवसांत ससे वासाची पर्वा करत नाहीत. बुजगावणी, चमकत्या पट्ट्या यांना ते काही दिवसांत सरावतात.

> सावधान: मेलेला ससा उघड्या हाताने उचलू नका आणि कुत्र्याला खाऊ देऊ नका. शरीर थंड पडू लागलं की त्यावरच्या गोचिडी नवं अंग शोधत बाहेर पडतात. हातमोजे घालून, फावड्याने उचलून खोल पुरा.

## टप्पा ६: कोंबड्या आणि बुरशी

कोंबड्या आणि गिनी कोंबड्या दिसेल ती गोचीड टिपतात, पण त्यांना मोठ्या गोचिडीच दिसतात. बारीक पिल्लं सुटतात, आणि काही जाती कोंबड्यांच्याच रक्तावर वाढतात. कोंबड्या सोडायच्या तर गोठ्याभोवती सोडा, मात्र त्यांच्या भरवशावर टप्पा ३ आणि ४ टाळू नका.

मेटारायझियम ही बुरशी गोचिडीच्या कवचातून आत शिरून तिला मारते. जैविक शेतीत ती मिळते. लेबलवर दिलेल्या प्रमाणातच, ऊन उतरल्यावर, जमिनीत ओल असताना, नकाशावर खूण केलेल्या जागीच फवारा. त्याच पंपातून आधी बुरशीनाशक मारलं असेल तर पंप नीट धुतल्याशिवाय वापरू नका, बुरशी टाकीतच मरते. तिचा परिणाम दिसायला दिवस लागतात आणि सगळ्याच गोचिडी मरत नाहीत.

डायटोमेशियस माती म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची बारीक पूड. ती फक्त गोठ्याच्या कोरड्या भेगांत भरा. ओली झाली की निकामी होते. फुलांवर किंवा अंगणभर उधळली तर मधमाश्यांचं आणि आपल्या फुप्फुसांचं नुकसान होतं.

## टप्पा ७: अंगावर चिकटलेली गोचीड काढणं

गवतात काम करताना पँट मोज्यांत खोचा. घरात येताच कपडे उतरवून कडकडीत गरम पाण्यात टाका आणि दोन तासांच्या आत अंघोळ करा. अंग चाचपून बघा: काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, बेंबी, कानांमागे, केसांत. मुलांचं अंग मोठ्यांनी बघावं.

१. चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचीड तोंडापाशी पकडा. पोट दाबू नका.
२. सरळ वर, एकसारख्या ताकदीने ओढा. झटका देऊ नका, पिळू नका.
३. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो.
४. जागा आणि हात साबणाने धुवा, स्पिरिट लावा.
५. तारीख लिहून ठेवा.

तेल, तूप, रॉकेल, नेलपॉलिश ओतणं किंवा उदबत्तीचा चटका देणं पूर्ण बंद करा. त्यात गोचीड सुटायला वेळ लागतो, आणि ती जेवढा वेळ चिकटून राहील तेवढी आजाराची शक्यता वाढते. पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, पुरळ, चाव्याभोवती पसरत जाणारा लाल डाग किंवा काखेत-जांघेत गाठ आली, तर डॉक्टरकडे जा. गोचीड चावल्याची तारीख आणि सशांचा वावर या दोन्ही गोष्टी न विसरता सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आणि उपचार त्यावरच ठरू शकतात.

## टप्पा ८: पुढची देखरेख

महिन्यातून एकदा पांढरं कापड त्याच वाटांवरून फिरवा आणि आकडा नकाशाच्या मागे लिहा. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे काम महिन्यातून दोनदा करा. कुंपणाच्या बुडाशी चालत एक फेरी मारा. ताजी माती उकरलेली दिसली तर त्याच दिवशी दगड भरा. नवीन जनावर विकत किंवा सांभाळायला आणलं की त्याला गोठ्यात नेण्याआधी वेगळं बांधा, दोन-तीन आठवडे दर दोन दिवसांनी चाचपा आणि त्याच्याखालची जागा रोज झाडून कचरा जाळा. आटोक्यात आलेला प्रादुर्भाव पुन्हा भडकतो, तो बहुतेक वेळा अशा न तपासलेल्या पाहुण्या जनावरामुळेच.